नांगर आणि दोर

(भोई समाजाच्या वार्षिक मेळाव्यात सेलू येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या मेळाव्यात माझ्या आधी जी मंडळी बोलली, त्यांनी मुलांचे शिक्षण, लग्नकार्यांतील खर्च आणि विद्यार्थ्यांची राहण्याची सोय असे मोठे विषय आपणांपुढे मांडले. मला बोलावयास सांगितले तेव्हा मी चिटणीसांस कळविले की माझा विषय ‘लहान होडीचा नांगर कोणता घ्यावा आणि तो कसा टाकावा’ हा राहील. ते वाचून त्यांस थोडे हसू आले असावे. सेलूपासून समुद्र शंभर कोसांहून अधिक दूर, येथली काळी जमीन कापसाची आणि ज्वारीची. येथे नांगर म्हटले की कोणाच्याही डोळ्यांपुढे बैलांची जोडी येते. होडीच्या नांगराची कथा येथे कोणास सांगावयाची? परंतु ती आपणांसच सांगितली पाहिजे असे मला पुष्कळ वर्षांपासून वाटत आले आहे. ते का, हे मी ओघात सांगेन.

आपले वाडवडील नदीवर वाढले. दुधना, पूर्णा आणि गोदावरी या तीन नद्यांच्या काठांनी आपली घरे पसरली. रामचंद्रास गंगापार नेणाऱ्या गुहाचे नाव आपल्या घराघरांत आदराने घेतले जाते. पण आपल्या आज्यापणज्यांची गंगा म्हणजे ही आपली गोदावरीच. नदीवरची होडी सदैव काठाच्या जवळ असे. पाणी उथळ असेल तेथे लांब बांबू तळात रोवला आणि होडी त्यास बांधली की काम भागे. खोल डोहात जाळे टाकावयाचे झाल्यास एक धोंडा दोरीला बांधून सोडीत. वारा आला तरी दोन्ही काठ हाकेच्या अंतरावर असत. नदीच्या त्या जीवनास धोंडा पुरेसा होता.

पुढे काळ पालटला. पूर्णेवर येलदरीचे धरण १९६८ साली झाले. पैठणच्या नाथसागराचे १९७६ साली उद्घाटन झाले. तो भरला म्हणजे त्याचे पाणी सुमारे साडेतीनशे चौरस किलोमीटर पसरते. आपल्या सेलू तालुक्यात ब्रह्मवाकडीजवळ दुधना अडविली गेली आणि निम्न दुधना प्रकल्पाचा जलाशय तयार झाला. जेथे कालपर्यंत कापूस उभा होता तेथे आज कटला, रोहू आणि मृगळ पोहतात. आपला धंदा नदीवरून तळ्यावर आला, आणि तळेही असे की मध्यभागी गेल्यावर काठचे झाड बोटाएवढे दिसावे. तेथे बांबू तळास पोहोचत नाही. वाऱ्यास अडथळा नाही, आणि मोकळ्या पाण्यावरून वारा जितका दूरवर धावत येतो तितकी लाट मोठी होते. पाणी बदलले, जाळे बदलले, सुती जाळ्याच्या जागी नायलॉनचे आले. परंतु धोंडा आणि त्याची तोकडी दोरी मात्र नदीवरची होती तीच पुष्कळ ठिकाणी राहिली. माझ्या आजच्या बोलण्याचे मूळ येथे आहे.

प्रथम धोंड्याचाच विचार करू. होडी जागेवर धरून ठेवणे हे वजनाचे काम आहे अशी आपली समजूत असते. म्हणून आपण मोठा धोंडा शोधतो, किंवा पत्र्याच्या डब्यात सिमेंट ओतून त्यास कडी बसवितो. पण पाण्यात गेलेली प्रत्येक वस्तू हलकी होते. आपला काळा पाषाण पाण्यात आपल्या वजनाचा सुमारे एकतृतीयांश भाग गमावतो. सिमेंटचा वीस किलोचा गोळा पाण्यात बारा किलोही भरत नाही. शिवाय तो गोळा चिखलावर नुसता पडून असतो. त्यास आडवे ओढले तर हलविण्यास त्याच्या वजनाएवढाही जोर लागत नाही. उलट वाऱ्याचा हिशेब पाहा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की होडीवरचा त्याचा रेटा चौपट होतो, तिप्पट झाला की नऊपट. सकाळच्या झुळकेत जो धोंडा होडी धरून ठेवतो, तोच वळवाच्या वाऱ्यात तळावरून घसरत जातो. आणि माणूस दोर बांधलेला पाहून निर्धास्त बसतो.

प्राचीन काळच्या दर्यावर्दी लोकांनी हे ओळखले होते. विजयदुर्गच्या समुद्रात गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांना जुने दगडी नांगर मिळाले आहेत. गुजरातेत द्वारकेच्या समुद्रातही तसे मिळाले. त्यांतील एका जातीचा नांगर म्हणजे चौकोनी घडीव लांबट दगड. त्याच्या एका टोकास दोरासाठी गोल भोक, आणि दुसऱ्या टोकाकडे एकमेकांस आडवी जाणारी दोन चौकोनी भोके. या चौकोनी भोकांतून लाकडी दांडे आरपार बसवीत आणि ते दांडे तळाच्या गाळात रुतत. म्हणजे ज्यांच्यापाशी दगडाखेरीज दुसरे साधन नव्हते, त्यांनीही नुसत्या दगडाच्या भारावर विश्वास ठेवला नाही. त्यांनी दगडास दात बसविले.

येथे आपल्या भाषेचा एक चमत्कार सांगावासा वाटतो. संस्कृतात शेताच्या नांगरास लांगल म्हणतात, फारसीत जहाजाच्या नांगरास लंगर म्हणतात, आणि मराठीत ही दोन्ही अवजारे एकाच नावाने वावरतात. शब्दांचा हा केवळ योगायोग मानला, तरी दोन्ही अवजारांचे काम मात्र खरोखर एकाच नियमाने चालते. १९३३ साली इंग्लंडातील विख्यात पदार्थवैज्ञानिक जेफ्री टेलर यांनी, ज्यांना शिडाच्या होडीचा मोठा नाद होता, लहान होडीसाठी एक नवा नांगर तयार केला. त्याचा आकार शेतातील नांगराच्या फाळासारखाच आहे, मात्र दोन्ही बाजूंनी माती सारणारा. जुन्या नांगरापेक्षा वजनाने पुष्कळ हलका असून त्याची पकड अधिक निघाली, याचे कारण तो ओढला जाताना खाली खाली रुतत जातो.

आपल्यापैकी ज्यांची शेती आहे त्यांस हे निराळे समजावून सांगावयास नको. नांगर जमिनीत का घुसतो? बैल त्यास पुढे ओढतात, आणि फाळाचे टोक खाली झुकलेले असते म्हणून. ओढ जमिनीच्या लगत राहिली तर फाळ तास धरतो. पण दांडी पुढून उचलली गेली, ओढ वरच्या अंगास लागली, की फाळ उसळून वर येतो आणि बैल मोकळे पळतात. १९०३ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर तयार केला, तोही फाळाच्या घडणीमुळे खोल गेला. होडीच्या नांगराचे अगदी असेच आहे. बैलांच्या जागी वारा आहे, दांडीच्या जागी दोर आहे. दोराची ओढ तळाशी आडवी लागली तर नांगर रुततो. ती वर लागली तर कितीही उत्तम नांगर उपटून येतो.

आता दोर किती लांब असावा, हा प्रश्न उरतो. त्यापूर्वी मला माझ्या घरची एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती मी आजवर चारचौघांत सांगितली नाही.

सन १९७५. माझे वय चौदा वर्षांचे होते. आमचे वडील आणि चुलते येलदरीच्या जलाशयात मासेमारी करीत. मे महिन्याचे शेवटचे दिवस होते, पाणी उतरलेले होते. त्या दिवशी होडीत वडील, माझा थोरला चुलतभाऊ आणि मी असे तिघे होतो. जाळे ओढण्यास सोयीचे पडे म्हणून धोंड्याची दोरी आम्ही होडीच्या मागच्या टोकास बांधीत असू. दुपार कलल्यावर ईशान्येकडे आभाळ काळे झाले. वडील म्हणाले, एवढे जाळे उचलू आणि निघू. जाळे अर्धे वर आले नाही तोच वळवाचा वारा आला. प्रथम धोंडा घसरू लागला. होडी पाठमोरी वाहत चालली आणि आम्हांस त्यात धोका वाटला नाही. मग धोंडा तळातील बुडालेल्या झाडाच्या खोडात अडकला. दोरी एकदम ताठ झाली. ती इतकी तोकडी होती की जवळजवळ सरळ खाली गेलेली होती. लाट आली तेव्हा होडीचे मागचे टोक वर उचलले जावयास हवे होते, ते दोरीने खाली धरून ठेवले. पहिली लाट आत आली, दुसरी आली, तिसऱ्या लाटेस होडी पाण्याखाली होती. वडिलांनी मला रिकाम्या डब्यावर घातले. भावाच्या पायांत जाळे गुंतले होते. तो दुसऱ्या दिवशी सकाळी मिळाला. त्याचे लग्न ठरलेले होते.

ती दोरी मुळात बारा वाव लांबीची होती. त्या घटनेच्या आठ-दहा दिवस आधी आमच्या विहिरीच्या पोहऱ्याचा दोर तुटला. घरात दुसरा दोर नव्हता. मी होडीवर गेलो आणि विळ्याने त्या दोरीचा निम्मा तुकडा कापून आणला. आईस सांगितले की जुना तुकडा पडलेला होता. पुढे कित्येक दिवस त्या दोराने आम्ही पाणी शेंदीत होतो. मला ते पाणी पिववत नसे. अखेर एके रात्री मी वडिलांस सारे सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, ‘‘दोर तू कापलास, पण निघताना मोजला नाही तो मी. तू लेकरू होतास.’’ त्यानंतर वडिलांनी जितकी वर्षे होडी चालविली तितकी वर्षे ते निघण्यापूर्वी दोर हातावर मोजीत. मीही मोजीत आलो.

बंधूंनो, आपणांस वाईट वाटावे म्हणून मी हे सांगितले नाही. त्या दिवशी आमच्या चार चुका झाल्या होत्या. नांगर म्हणून नुसता धोंडा होता, दोर तोकडा होता, तो होडीच्या मागच्या टोकास बांधला होता, आणि आभाळ पाहूनही आम्ही थांबलो. यांतली एकही चूक पैशाच्या अभावाने झालेली नव्हती. म्हणून या चारही गोष्टींविषयी नीट सांगणे मी माझे कर्तव्य समजतो.

पहिली गोष्ट नांगराची निवड. नांगर निवडताना आपल्या पाण्याचा तळ कसा आहे ते पाहावे. आपल्या जलाशयांचा तळ म्हणजे बहुतांशी बुडालेली शेते. काळी माती पाण्याखाली राहून मऊ, चिकट गाळ बनते. अशा तळास रुंद, चपट्या पात्यांचा नांगर उत्तम. अमेरिकेत १९३९-४० च्या सुमारास रिचर्ड डॅनफोर्थ यांनी तयार केलेला नांगर या जातीचा आहे: दोन चपटी, टोकदार पाती, आणि ती दांड्याभोवती बिजागरीसारखी दोन्हीकडे वळणारी. तो कोणत्याही कुशीवर पडला तरी पाती तळाकडे झुकतात आणि गाळात शिरतात. चांगला रुतला म्हणजे असा नांगर आपल्या वजनाच्या दहापट-वीसपट, कधी त्याहूनही अधिक ओढ सहन करतो. आपल्या पंधरा-सोळा फुटी होडीस पाच ते सात किलो वजनाचा पुरेसा होतो. चित्र आणि मापे दिली तर आपल्या गावचा लोहार किंवा वेल्डिंगवाला तो करून देऊ शकतो. मात्र पात्यांची टोके अणकुचीदार असावीत आणि जोड पक्के असावेत.

दुसरी जात म्हणजे चार आकड्यांचा गळ. विहिरीत पडलेली घागर काढण्यास आपण जो गळ वापरतो त्याचाच हा थोरला भाऊ. जेथे तळ खडकाळ आहे, धरणाच्या भिंतीजवळ पिचिंगचे दगड आहेत किंवा बुडालेली झाडे आहेत, तेथे तो कपारीत अडकतो. पण मऊ गाळातून तो नुसते ओरखडे काढीत निघून येतो. गळ बारीक लोखंडी सळईचा केलेला असला तर एक फायदा असतो. तो खडकात अडकून बसला तर जोराने ओढल्यावर त्याचे आकडे सरळ होतात आणि नांगर सुटतो. मग घरी येऊन ते पुन्हा वाकवून घ्यावेत. ज्यास दोन नांगर ठेवणे शक्य आहे त्याने एक पात्यांचा आणि एक गळ असे ठेवावेत. ज्यास एकच घेणे शक्य आहे त्याने आपल्या गाळासाठी पात्यांचा घ्यावा. धोंडा जाळे बुडविण्यास खुशाल वापरावा; माणसांची होडी त्याच्या भरवशावर सोडू नये.

दुसरी गोष्ट दोर. आधी पाण्याची खोली मोजावी आणि तीत होडीच्या नाळेची पाण्यापासूनची उंची मिळवावी. पाणी बारा हात खोल असेल आणि नाळ दोन हात उंच असेल, तर बेरीज चौदा हात. दिवसा, शांत पाण्यात, या बेरजेच्या पाचपट म्हणजे सत्तर हात दोर सोडावा. रात्र काढावयाची असेल किंवा वाऱ्याचा संभव असेल तर सातपट, म्हणजे अठ्ठ्याण्णव हात. चार हातांचा एक वाव धरला तर सुमारे पंचवीस वाव. एवढा दोर ऐकून कोणी म्हणेल की हा तर उधळेपणा झाला. परंतु दोर तिप्पट असता तो तळाशी सुमारे वीस अंशांचा कोन करतो आणि नांगरास उचलतो. सातपट असता कोन आठ अंशांवर येतो आणि ओढ जवळजवळ आडवी होते. आमची त्या दिवशीची दोरी दुप्पटही नव्हती. दोर अधिक सोडण्यास नवा खर्च काहीच पडत नाही; तो होडीत गुंडाळून ठेवला तर निरुपयोगी आहे, पाण्यात सोडला तर प्राण राखतो.

दोर कशाचा असावा, हेही पाहावे. पूर्वी आपण अंबाडीचा दोर वळीत असू. तो ओला राहून कुजतो. आज नायलॉनचा दोर उत्तम. तो पाण्यात बुडतो आणि थोडा ताणतो, त्यामुळे लाटेचा हिसका नांगरापर्यंत पोहोचण्यापूर्वी दोरात जिरतो. बाजारात निळा-हिरवा प्लॅस्टिकचा जो स्वस्त दोर मिळतो तो बहुधा पाण्यावर तरंगतो. तो तरंगून दुसऱ्याच्या जाळ्यात अडकतो, आणि उन्हाने लवकर ठिसूळ होतो. तोच वापरणे भाग असेल तर नांगराजवळ साखळी अवश्य लावावी. खरे पाहता साखळी प्रत्येकाने लावावी. नांगर आणि दोर यांच्यामध्ये दोन-तीन मीटर लोखंडी साखळी असली म्हणजे तिच्या वजनाने ओढ तळालगत राहते, आणि दोर खडकावर घासून तुटत नाही.

तिसरी गोष्ट नांगर टाकण्याची रीत. ‘टाकणे’ हा शब्द आपण वापरतो खरा, पण नांगर फेकू नये, तो सोडावा. फेकला तर साखळी त्याच्याच पात्यांभोवती गुरफटते. प्रथम दोराचे मोकळे टोक होडीस पक्के बांधावे; दोर सोडता सोडता सगळाच पाण्यात गेल्याचे प्रसंग घडतात. नंतर जेथे होडी राहावी अशी इच्छा आहे त्या जागेच्या पुढे, वाऱ्याच्या दिशेने, वल्हवीत जावे. होडीची नाळ वाऱ्याकडे करून वल्हे थांबवावे. होडी थबकली आणि मागे सरू लागली की नांगर हाताहाताने तळास लावावा. होडी वाऱ्याने मागे जाईल तसतसा दोर सोडीत जावे. दोराच्या वेटोळ्यात पाय असू नये. निम्मा दोर गेला की तो क्षणभर धरून हलका ताण द्यावा, म्हणजे पाती खाली वळतात. मग उरलेला दोर सोडून नाळेस बांधावा आणि वल्ही उलटी मारून प्रथम सावकाश, मग जोराने ओढून पाहावे. बैलास एकदम हाकलले तर फाळ उसळतो, हे आपण जाणताच.

नांगर धरला की नाही, हे दोन प्रकारांनी कळते. दोरावर हात ठेवावा. तो ताठ आणि निश्चल असेल तर नांगर रुतला. हातास थरथर किंवा ठेचा लागत असतील तर तो तळावरून घसरतो आहे. दुसरी रीत डोळ्यांची. होडीच्या बाजूस काठावरच्या एका रेषेत येणाऱ्या दोन खुणा धराव्या, जवळचे एक झाड आणि त्याच्या मागचा देवळाचा कळस. काही वेळाने ती दोन एकमेकांपासून सरकत चाललेली दिसली तर होडी वाहत आहे असे समजावे. रात्री दोन दिवे धरावे. नांगर घसरत असेल तर प्रथम आणखी दोर सोडावा. तरीही धरला नाही तर उचलून, पाती धुऊन, पुन्हा आरंभापासून टाकावा. यात कमीपणा मानू नये. वारा फिरला की होडी नांगराभोवती दोराएवढ्या लांबीचे वर्तुळ घेते, म्हणून दुसऱ्या होड्यांपासून आणि खडकापासून तेवढी जागा मोकळी ठेवावी. धरणाच्या दरवाजांच्या बाजूस तर होडी उभीच करू नये.

आणि नांगर सदैव नाळेस बांधावा. होडीची नाळ निमुळती आणि उंच असते. ती लाट कापते आणि लाटेबरोबर वर उचलली जाते. मागचे टोक रुंद आणि बुटके असते, तेथे माणूस बसलेला असतो. मागून किंवा कडेने बांधलेली होडी वाऱ्यात सापडली म्हणजे पाणी आत येण्यास वेळ लागत नाही. जाळ्याच्या सोयीसाठी हा नियम मोडला जातो. ती सोय आमच्या घरास किती महाग पडली हे मी सांगितलेच आहे.

नांगर उचलतानाही घाई करू नये. होडी दोर ओढीत नांगराच्या थेट वर आणावी. ओढ सरळ वर लागली की रुतलेला नांगर सुटतो. जो नियम टाकताना टाळावयाचा, तोच उचलताना उपयोगी पडतो. आपल्या जलाशयांच्या पोटात खोडे, बांध, विहिरींचे कठडे आणि उठून गेलेल्या गावांच्या भिंती आहेत. तेथे नांगर अडकण्याचा संभव फार. त्यासाठी नांगराच्या पात्यांकडील टोकास दुसरी बारीक दोरी बांधून तिच्या वरच्या टोकास रिकामा डबा लावावा. नांगर अडकला तर या दोरीने तो उलट्या बाजूने ओढून निघतो. तरीही न निघाला तर कडेवर वाकून, सगळ्यांनी एका बाजूस येऊन ओढू नये, होडी उलटते. नाळेपाशी एक विळा सदैव खोचलेला असावा. वेळ आली तर दोर कापावा आणि नांगर सोडून द्यावा. नांगर पुन्हा घडविता येतो.

चौथी गोष्ट आभाळाची. वैशाखात दुपारनंतर ढग चढू लागले, वारा एकाएकी पडला आणि उकडू लागले, की वळीव दूर नाही हे शेतकऱ्याचे पोरही सांगते. तेव्हा जाळे अर्धे असो की पूर्ण, काठ गाठावा. काठ गाठणे शक्य नसेल अशा वेळेसाठी नांगर आहे. जो चांगल्या नांगराच्या बळावर वादळात जाण्याचे धाडस करतो, त्याने नांगर न घेतलेलाच बरा. आणि तरंगण्याचे जाकीट अंगात असू द्यावे. पोहता येते म्हणून ते घालीत नाहीत त्यांस एवढेच सांगतो की माझा भाऊ आमच्या गावात सर्वांत चांगला पोहणारा होता.

भगिनींनो, आता दोन शब्द आपणांशी. घरातला दोर कोठे आहे, किती आहे आणि कशास लागतो हे पुरुषांपेक्षा आपणांस अधिक ठाऊक असते. माझी आपणांस विनंती आहे की होडीचा दोर घरच्या दोरापासून निराळा ओळखू येईल असा करावा. जुन्या लुगड्याच्या रंगीत चिंध्या घ्याव्या आणि दर वावावर एक चिंधी दोराच्या पिळात ओवून गाठ मारावी. दर पाचव्या वावास लाल. मग अंधारातही पोराबाळांस हाताने दोर मोजता येईल, आणि कोणी तुकडा कापून नेला तर तो त्याच दिवशी ध्यानात येईल. तसा दोर पोहऱ्यास, वासरास किंवा धुणे वाळत घालण्यास कोणी मागितला तर देऊ नये, मागणारा घरचा असला तरी.

नदीवरचे आपले वाडवडील पाण्याचे जाणते होते, आणि त्यांची विद्या त्यांच्या पाण्यास पुरेशी होती. आपले पाणी निराळे झाले आहे. त्यास अनुरूप विद्या आपण मिळविली तर त्यात वाडवडिलांचा अनादर नाही. तेही आज असते तर त्यांनी हेच केले असते. या मेळाव्याहून घरी गेल्यावर आपण दुसरे काही केले नाही तरी चालेल, पण उद्या सकाळी होडीवर जाऊन आपला दोर एकदा हातावर मोजावा. तो तोकडा निघाला तर नवा आणावा. वय झाल्यामुळे मी आता होडीवर जात नाही. तथापि माझा दोर अजून घरात टांगलेला आहे, त्यावर चिंध्या बांधलेल्या आहेत, आणि ज्यास नमुना पाहावयाचा असेल त्याने केव्हाही यावे.